चाकू म्यानात साठवू नका: फिक्स्ड ब्लेड संग्रहाची साठवण आणि जपणूक

फिक्स्ड ब्लेड चाकूचे पाते मिटत नाही, म्हणून त्याला म्यान लागते. आणि म्यान हाताशी असते म्हणूनच चाकू त्यात सरकवून कपाटात ठेवून देण्याची सवय जडते. संग्रहातले बरेचसे नुकसान याच सवयीतून होते. म्यान हे चाकू कमरेला लावून वावरण्यासाठी बनवलेले असते, वर्षभर बंद करून ठेवण्यासाठी नव्हे. जपानी तलवारींच्या परंपरेत हा भेद काटेकोरपणे पाळला जातो. तिथे मिरवण्याचे म्यान वेगळे असते आणि साठवणीसाठी ‘शिरासाया’ नावाचे साधे, बिनरोगणाचे लाकडी म्यान वेगळे असते. शिरासायाचे दोन अर्धे भाग तांदळाच्या खळीने चिकटवलेले असतात, त्यामुळे आत ओल किंवा गंज शिरल्यास ते उकलून आतून साफ करता येते.

चाकू एकसंध दिसला, तरी त्यात स्वभावाने निराळे असलेले पदार्थ एकत्र आलेले असतात. पाते पोलादाचे असते आणि त्याला हवा जितकी कोरडी मिळेल तितकी बरी. मूठ लाकडाची, शिंगाची किंवा हाडाची असेल, तर फार कोरड्या हवेत ती आकसते आणि बहुधा रिव्हेटपाशी, म्हणजे ती पात्याला जोडणाऱ्या धातूच्या खिळ्यापाशी, तडकते. चामड्याचे म्यान हवेतली ओल धरून ठेवते आणि ती पात्याला लावते. म्हणून साठवणीचा सगळा विचार दोनच गोष्टींभोवती फिरतो. जे वेगळे करता येते ते वेगळे ठेवायचे; आणि जे वेगळे करता येत नाही, म्हणजे पाते आणि मूठ, त्यांच्याभोवतीची हवा दोघांनाही सोसेल अशी व शक्यतो न बदलणारी ठेवायची. कोणते तेल लावावे, कोणते कपाट घ्यावे, हे प्रश्न त्यानंतरचे आहेत, जरी चर्चा बहुतेक वेळा त्यांच्यावरच होत असली तरी.

पहिली पायरी: वर्गवारी

सर्व चाकू एका मोठ्या टेबलावर, जाड सुती कापडावर, एकमेकांना न टेकता मांडावेत आणि प्रत्येकाचे पोलाद व मूठ पाहून गट पाडावेत. पोलादाच्या बाबतीत महत्त्वाचे असते ते क्रोमियमचे प्रमाण. साधारण १०.५ टक्क्यांहून अधिक क्रोमियम असले की पोलादाला स्टेनलेस म्हणतात, कारण तेवढ्या क्रोमियमचा पृष्ठभागावर ऑक्साइडचा अतिशय पातळ आणि आपोआप भरून येणारा थर तयार होतो. १०९५ सारख्या (हे आकडे म्हणजे पोलादाच्या प्रतींची नावे) साध्या कार्बन पोलादात क्रोमियम जवळपास नसतेच. ५२१०० मध्ये ते सुमारे दीड टक्का असते, तर ए२ मध्ये सुमारे ५ टक्के. हे सारे गंजणारे गट आहेत. डी२ थोडे फसवे आहे. त्यात ११ ते १३ टक्के क्रोमियम असते, म्हणजे आकड्याने ते स्टेनलेसच्या हद्दीत येते. पण त्यातला बराच भाग कार्बनशी बांधला जाऊन कार्बाइडच्या कणांत अडकतो आणि संरक्षक थरासाठी थोडाच उरतो. त्यामुळे डी२ चे पाते कार्बन पोलादाइतक्या लवकर नसले, तरी निष्काळजीपणाने ठेवल्यास डाग धरते. १६ ते १८ टक्के क्रोमियम असलेले ४४०सी बऱ्यापैकी निर्धास्त ठेवता येते, मात्र घामातल्या मिठाने किंवा खाऱ्या हवेने त्यालाही टाचणीच्या टोकाएवढे खोल खड्डे पडतात.

नक्षीदार दमास्कस पात्यांना कार्बन पोलादाच्याच गटात घालावे. त्यांतल्या पुष्कळ पात्यांत १०९५ आणि सुमारे २ टक्के निकेल असलेले १५एन२० यांचे थर असतात आणि नक्षी उठण्यासाठी पृष्ठभाग आम्लाने खाल्लेला असतो. तो सूक्ष्मपणे खडबडीत असल्याने ओल तिथे अधिक वेळ टिकते. काळा लेप असलेल्या पात्यांबद्दल एक गैरसमज आहे, की लेप आहे म्हणजे गंजाची चिंता नाही. धार लावताना लेप निघालेला असतो, त्यामुळे पात्याचा सर्वांत नाजूक भाग उघडाच राहतो.

मुठींचे गट त्याहून सोपे आहेत. जी१० आणि मायकार्टा यांसारख्या कृत्रिम पदार्थांना फारसे काही होत नाही. राळ मुरवून स्थिर केलेले लाकूड जवळपास त्याच गटात बसते. नैसर्गिक लाकूड, सांबरशिंग, हाड, शिंग आणि चामड्याच्या चकत्या रचून केलेल्या मुठी हा जपण्याचा गट होय. जुन्या सेल्युलॉइडच्या मुठी मात्र पहिल्याच दिवशी बाजूला काढाव्यात. त्यांचे कारण पुढे येईल.

दुसरी पायरी: साफसफाई

नव्याने आलेला चाकू, विशेषतः जुना विकत घेतलेला, थेट संग्रहात मिसळू नये. दोन-तीन आठवडे त्याला वेगळ्या पेटीत ठेवावे. शिंग आणि चामडे खाणारी कसर किंवा तिच्या अळ्या असल्या, तर एवढ्या अवधीत पेटीच्या तळाशी बारीक भुसा दिसू लागतो. अशा वेळी डांबरगोळ्या टाकू नयेत, कारण त्यांच्या वाफेने काही प्लास्टिक आणि राळा मऊ पडतात.

साफसफाईसाठी पावडर नसलेले नायट्राइलचे हातमोजे वापरावेत. सुती हातमोजे घालण्याचा सल्ला अनेक ठिकाणी दिला जातो, तो चित्रांसाठी किंवा नाण्यांसाठी ठीक असेल. चाकू त्यांतून निसटतो आणि पाते कापडातून सहज आत शिरते. उघड्या हाताने पाते धरले असेल, तर काम संपल्यावर ते लगेच पुसावे. बोटांच्या ठशातले मीठ कार्बन पोलादावर एका रात्रीतही आपली खूण उमटवू शकते, आणि ती खूण बोटाच्या रेषांसह कायमची राहते.

पुसण्याची रीत एकदा अंगवळणी पडली की अपघात टळतात. मूठ घट्ट धरून पाते टेबलाला समांतर ठेवावे, धार आपल्यापासून दूर असावी. मऊ कापडाची जाड घडी करून ती पात्याच्या पाठीवरून चिमटीत घ्यावी, म्हणजे बोटे पाठीच्या बाजूला राहतात आणि धारेकडे फक्त कापड असते. मग मुठीकडून टोकाकडे एकाच दिशेने सरळ हात न्यावा, टोकाशी कापड उचलून घ्यावे आणि पुन्हा मुठीपासून सुरुवात करावी. पुढे-मागे घासू नये. पात्यावर जुने तेल किंवा चिकटा असेल, तर कापड आयसोप्रोपिल अल्कोहोलने ओलसर करावे, पण ते मुठीपर्यंत जाऊ देऊ नये. लाखेची झिलई आणि काही जुने प्लास्टिक त्याने खराब होते.

सर्वांत बारकाईने पाहण्याची जागा म्हणजे पाते मुठीत शिरते तो सांधा. तिथे धातूचा गार्ड, म्हणजे हात धारेकडे सरकू नये म्हणून बसवलेली आडवी पट्टी, असेल, तर गार्ड आणि पाते यांच्यामध्ये केसाएवढी फट असते, आणि पाणी किंवा द्रव क्लीनर त्या फटीत ओढला जातो व तिथेच थांबतो. गार्ड पितळेचा असेल तर दोन भिन्न धातू आणि ओल एकत्र येतात आणि पोलाद अधिक वेगाने गंजते. भिंगातून पाहिल्यास फटीच्या कडेला तपकिरी धूसर रेष दिसते. ती दिसली की आत काम सुरू आहे असे समजावे. म्हणून फिक्स्ड ब्लेड चाकू कधीही पाण्यात भिजत ठेवू नये, आणि ओला झालाच तर पुसल्यानंतर मूठ वर व टोक खाली करून ड्रायरची थंड हवा सांध्यावर सोडावी. पितळेला चढलेला हिरवट कळंक लाकडी काडीने खरवडून तेलाच्या कापडाने पुसावा. अमोनिया असलेली पितळ-पॉलिश वापरू नयेत, कारण ताणाखाली असलेल्या पितळेला अमोनियामुळे तडे जातात.

जुन्या पात्यावरचा करडा किंवा निळसर-काळा थर हा गंज नव्हे आणि तो काढायचाही नसतो. तांबडा, पावडरीसारखा सुटणारा गंज तेवढा काढायचा. दोहोंतला फरक ओळखण्यासाठी पांढऱ्या कापडाला तेल लावून त्या जागेवर फिरवावे. कापडावर नारिंगी-तपकिरी रंग उतरला तर गंज जिवंत आहे, उतरला नाही तर त्या थराला हात लावू नये. जुना चाकू बफिंगच्या चाकावर चकचकीत करून घेणे ही मला संग्रहाची सर्वांत मोठी हानी वाटते, कारण गंजलेला चाकू निदान थांबवता येतो, घासून गेलेले ठसे आणि कडा परत आणता येत नाहीत.

तिसरी पायरी: पात्यावरचा लेप

तेल की मेण, हा वाद चाकू किती वेळा हाताळला जातो यावर सोडवावा. वारंवार बाहेर निघणाऱ्या चाकूला खनिज तेल पुरते. वास आणि रंग नसलेले, खाद्योपयोगासाठी शुद्ध केलेले मिनरल ऑइल घ्यावे, त्याचे दोन-तीन थेंब कापडावर टाकावेत आणि पात्यावर इतकाच हात फिरवावा की पृष्ठभाग किंचित तकतकीत दिसेल. थेंब दिसत असतील तर तेल जास्त झाले. ते ओघळून मुठीच्या सांध्यात जाते, लाकूड काळे करते आणि धूळ धरते. स्वयंपाकाची तेले वापरू नयेत. ती हवेने घट्ट होतात, त्यांचा पिवळा चिकट पापुद्रा बनतो आणि तो काढताना पाते ओरखडते. कॅमेलिया तेल हा वनस्पती तेलांतला सन्माननीय अपवाद आहे, कारण ते सावकाश घट्ट होते, मात्र तेही मधून मधून पुसून नव्याने लावावे लागते. डब्ल्यूडी-४० या नावातली पहिली दोन अक्षरे पाणी हटवण्याच्या इंग्रजी शब्दांची आद्याक्षरे आहेत, आणि नेमके तेवढेच काम ते उत्तम करते. भिजलेल्या पात्यावरून ओल काढायला ते जरूर वापरावे. त्यातला बराचसा भाग उडून जात असल्याने वर्षभराच्या साठवणीचा लेप म्हणून त्यावर विसंबू नये.

फार हाताळले न जाणाऱ्या चाकूंसाठी मायक्रोक्रिस्टलाइन मेण अधिक चांगले. संग्रहालयांत सर्रास वापरले जाणारे रेनेसाँ वॅक्स हे याच प्रकारचे मेण ब्रिटिश म्युझियमच्या प्रयोगशाळेत १९५० च्या दशकात विकसित झाले. नखभर मेण कापडावर घेऊन पात्यावर पातळ पसरावे, काही मिनिटे थांबावे आणि स्वच्छ कापडाने चोळून चमक आणावी. मेणाचा फायदा असा की ते ओघळत नाही, बोटांचे ठसे थेट धातूपर्यंत पोहोचू देत नाही, आणि तेच मेण लाकडी किंवा सांबरशिंगाच्या मुठीवर व पितळी गार्डवरही चालते, म्हणजे सांध्यापाशी हात आखडता घ्यावा लागत नाही. लेप लावण्यापूर्वी पाते पूर्ण कोरडे आणि निर्मळ असले पाहिजे, नाही तर मीठ आणि ओल लेपाखालीच कोंडली जाते.

चौथी पायरी: म्यान वेगळे काढणे

चामडे कमावताना वनस्पतींचे टॅनिन किंवा क्रोमियमचे क्षार वापरलेले असतात. टॅनिनने कमावलेले चामडे स्वभावतः आम्लधर्मी असते, आणि दोन्ही प्रकारचे चामडे हवा दमट झाली की सादळते. अशा म्यानात पाते ठेवणे म्हणजे त्याला सौम्य आम्लाची ओली पट्टी गुंडाळून ठेवणे होय. म्यानाच्या तोंडाशी असलेली पितळी बटणेही चामड्यातल्या स्निग्ध आम्लांनी हिरवी पडतात आणि तो हिरवा लगदा मुठीला व गार्डला लागतो.

म्यान रिकामे करून, आम्लमुक्त टिश्यू कागदाचे सैल बोळे आत भरून, आकार टिकेल असे आडवे ठेवावे. चाकू आणि त्याचे म्यान यांना एकच क्रमांक द्यावा, नाही तर काही वर्षांनी कोणते म्यान कोणाचे हे ओळखणे कठीण जाते आणि मूळ म्यानासह असलेल्या चाकूचे मोल हकनाक कमी होते. चामड्याला तेल पाजण्याचा उत्साह आवरावा. जास्त तेलाने चामडे मऊ पडते, टाके सैल होतात आणि वरून पांढरी भुकटी उमटते. जुने म्यान तांबूस भुगा सोडू लागले असेल तर ते आम्लाने जीर्ण झाले आहे, त्यावर कोणतेही तेल-पॉलिश न लावता ते कागदात गुंडाळून वेगळे ठेवावे.

कायडेक्सचे, म्हणजे कडक प्लास्टिकचे, म्यान ओल शोषत नाही, ही जमेची बाजू. पण आत शिरलेला धुळीचा कण तिथेच राहतो आणि पाते दर वेळी त्याच कणावरून घासत जाते. पाण्याचा थेंब आत गेला तर तोही सहज बाहेर येत नाही. म्हणजे दीर्घ साठवणीसाठी तेही नकोच.

पाचवी पायरी: पेटी, कपाट आणि अस्तर

कपाट सुंदर दिसते म्हणून ते सुरक्षित असते असे नाही. ओक लाकडातून वर्षानुवर्षे अॅसिटिक आम्लाची वाफ निघत राहते. प्लायवुड, एमडीएफ आणि त्यांच्यातल्या गोंदांतून फॉर्मल्डिहाइड व फॉर्मिक आम्ल बाहेर पडते. बंद कपाटात ही वाफ साचते आणि पितळ, शिसे व शिंपल्याच्या जडावकामावर परिणाम करते. लोकरी फेल्ट आणि व्हल्कनाइज केलेल्या रबरात गंधक असते, ते चांदी काळी पाडते. पीव्हीसी कालांतराने हायड्रोक्लोरिक आम्ल सोडते. सर्वांत जास्त फसवणारे अस्तर म्हणजे पेट्यांबरोबर मिळणारा पॉलियुरेथेनचा मऊ स्पंज: काही वर्षांत तो चिकट होतो, मग भुगा होऊन सुटतो आणि मुठीला व पात्याला चिकटून बसतो. त्याऐवजी पॉलिइथिलीनचा बंद छिद्रांचा फोम घ्यावा. तो कडक वाटतो, पण चाकूच्या आकाराची खाच कापली की पाते न हलता बसते.

एखाद्या साहित्याबद्दल शंका असेल तर घरी चाचणी करता येते. संग्रहालयांत यासाठी ऑडी चाचणी वापरतात. ब्रिटिश म्युझियममध्ये १९७३ साली पुढे आलेल्या या पद्धतीत साहित्याचा तुकडा चांदी, तांबे आणि शिशाच्या पट्ट्यांसह थोड्या पाण्याबरोबर बंद काचपात्रात ६० अंश सेल्सियसला २८ दिवस ठेवतात आणि पट्ट्यांवर काय उमटते ते पाहतात. घरगुती आवृत्तीत काचेच्या घट्ट झाकणाच्या बरणीत फोमचा किंवा लाकडाचा तुकडा, पॉलिश पेपरने घासलेला तांब्याचा पत्रा आणि साधा लोखंडी खिळा एकमेकांना न लागता ठेवावा, लहान झाकणात पाण्याचे काही थेंब ठेवावेत आणि बरणी महिनाभर उबदार जागी राहू द्यावी. शेजारी तशीच दुसरी बरणी, पण त्या साहित्याशिवाय, ठेवणे अत्यावश्यक आहे; कारण ओलीने धातू थोडा काळवंडणारच, आणि तुलना केल्याशिवाय दोष साहित्याचा की पाण्याचा हे कळत नाही.

माझ्या मते पावडर-कोटिंग केलेले सपाट ड्रॉवरचे पोलादी कपाट किंवा रबरी कडेची घट्ट बंद होणारी पॉलिप्रॉपिलीनची पेटी हे दोनच पर्याय बहुतेकांना पुरतात. अग्निरोधक तिजोरीचा मोह अनेकांना होतो. चोरी आणि आग यांपासून ती वाचवते, पण तिच्या भिंतींतला आगविरोधी भराव बऱ्याचदा पाणी धरून ठेवणाऱ्या पदार्थांचा असतो आणि आतली हवा बाहेरच्यापेक्षा दमट राहते. तिजोरी वापरायचीच असेल तर चाकू तिच्यात थेट न ठेवता घट्ट पेटीत घालून ठेवावेत.

सहावी पायरी: हवा

स्वच्छ पोलादाचा गंज सापेक्ष आर्द्रता साधारण ६० टक्क्यांच्या वर गेली की झपाट्याने वाढतो; पृष्ठभागावर मीठ असेल तर त्याहून खालीही सुरू होतो. बुरशी साधारण ६५ टक्क्यांच्या वर जोर धरते. दुसऱ्या टोकाला, ४० टक्क्यांच्या खाली दीर्घकाळ राहिलेले लाकूड आणि शिंग आकसू लागते. म्हणून मिश्र संग्रहासाठी ४५ ते ५० टक्के हे लक्ष्य ठेवावे. कृत्रिम मुठींचे चाकू वेगळ्या पेटीत असतील तर तिथे ४० च्या खाली जायला हरकत नाही, आणि वर्गवारीचा खरा उपयोग इथेच होतो: दोन पेट्या, दोन वेगळ्या हवा.

आकडा पाळायचा तर तो मोजणारे यंत्र खरे बोलणारे हवे. स्वस्त हायग्रोमीटर पाच-सात टक्क्यांनी सहज चुकतात. बाटलीच्या झाकणात साधे मीठ घेऊन त्यात ओल्या वाळूसारखे होईल इतकेच पाणी घालावे, ते झाकण आणि हायग्रोमीटर एका हवाबंद पारदर्शक पिशवीत शेजारी ठेवावे व रात्रभर तसेच राहू द्यावे. मिठाच्या संपृक्त द्रावणावरची हवा २५ अंशांना ७५ टक्क्यांवर स्थिरावते. यंत्र ८१ दाखवत असेल तर ते सहाने जास्त सांगते, एवढी चिठ्ठी त्याच्या पाठीवर चिकटवावी.

ओल शोषण्यासाठी सिलिका जेल उत्तम, पण ते घट्ट बंद जागेतच काम करते; फटी असलेल्या कपाटात ते खोलीतली हवा वाळवत बसते आणि दोन दिवसांत थकते. संग्रहालयांतला जुना ठोकताळा दर घनमीटर जागेला २० किलो जेल असा आहे, म्हणजे दहा लिटरच्या पेटीला २०० ग्रॅम. लहान पुड्या टाकून भागवणाऱ्यांना हा आकडा मोठा वाटेल, पण जेल जितके जास्त तितकी हवा स्थिर. रंग बदलणारे नारिंगी जेल घ्यावे. निळ्या दाण्यांत कोबाल्ट क्लोराइड असते, ते आरोग्याला घातक असल्याने असे दाणे टाळावेत. दाणे सुती पिशवीत ठेवावेत, त्यांची भुकटी पात्यावर पडू देऊ नये. रंग बदलला की ओव्हनमध्ये सुमारे ११० अंशांना दोन-तीन तास ठेवून ते पुन्हा वापरता येतात. नैसर्गिक मुठी असलेल्या पेटीत नुकतेच तापवलेले जेल एकदम घालू नये. आर्द्रता ४५ च्या खाली घसरली तर काही दाणे काढून घ्यावेत.

एक गोष्ट कटाक्षाने टाळावी. कपड्यांच्या कपाटासाठी मिळणारे, खाली पाणी साठवणारे ओलशोषक डबे कॅल्शियम क्लोराइडचे असतात. साठणारे पाणी म्हणजे तीव्र खारे द्रावण असते. डबा कलंडला आणि ते पात्यांवर सांडले, तर पुढचे सगळे उपाय व्यर्थ जातात.

मोठ्या कपाटात तळाशी बसवायची विजेची तापदांडी सोयीची पडते. ती ओल काढून टाकत नाही, हवा थोडी गरम करते; आणि २५ अंशांना ८० टक्के आर्द्रता असलेली हवा ३० अंशांपर्यंत तापवली तर तीच हवा सुमारे ६० टक्क्यांवर येते. मात्र दांडीच्या लगत मुठी ठेवू नयेत, आणि वीज गेल्यावर कपाट पुन्हा बाहेरच्या हवेच्या पातळीवर येते हे ध्यानात ठेवावे. व्हीसीआय कागद हा कार्बन पोलादासाठी आणखी एक चांगला पर्याय आहे: त्यातून निघणारी वाफ धातूवर रेणूंचा संरक्षक थर बसवते. बंद पेटीतच तो चालतो, साधारण वर्ष-दोन वर्षांनी बदलावा लागतो, आणि पितळी गार्ड असलेल्या चाकूंसाठी तो घेताना तांबे-पितळेला चालतो असे वेष्टनावर लिहिलेले असल्याची खात्री करावी.

सातवी पायरी: मांडणी, प्रदर्शन आणि कुलूप

प्रत्येक चाकूला स्वतःची खाच असावी, धार कशालाही टेकू नये आणि टोकासमोर बोटभर मोकळी जागा राहावी. एकावर एक थर रचायचेच असतील तर मध्ये कडक पॉलिप्रॉपिलीनचा पत्रा घालावा. भिंतीवरच्या चुंबकी पट्टीने पाते हलकेसे चुंबकित होते आणि लोखंडी कीस ओढून घेऊ लागते. शिवाय जड चाकू धक्क्याने सुटून पडतो. स्वयंपाकघरात जे चालते ते संग्रहात चालवू नये.

काचेच्या कपाटात मांडायचे असेल तर थेट ऊन टाळावे आणि आत हॅलोजन दिवे लावू नयेत, कारण दिवा लावताना आणि विझवताना आतली हवा तापते-निवते आणि आर्द्रता वर-खाली होते. रंगवलेले हाड, चामडे यांसाठी संग्रहालये प्रकाश ५० लक्सपर्यंतच ठेवतात. घरी इतके मोजमाप जमले नाही तरी अतिनील किरण न देणारे एलईडी, बाहेरच्या बाजूने आणि पाहुणे असतानाच लावलेले, एवढे पुरेसे आहे.

कुलूप ऐच्छिक नाही. घरात मुले असोत वा नसोत, सजावटीच्या कपाटालाही ते असावे, आणि किती लांबीचे व कोणत्या प्रकारचे पाते बाळगण्यास परवानगी लागते हे आपापल्या ठिकाणच्या कायद्यात पाहून घ्यावे.

सेल्युलॉइडबद्दल

जुन्या चाकूंवर हस्तिदंत, कासवाचे कवच किंवा शिंपला वाटावा अशी रंगीत, चमकदार मूठ असेल तर ती सेल्युलॉइडची असण्याचा संभव असतो. हा पदार्थ सेल्युलोज नायट्रेटपासून बनतो आणि जुना झाला की नायट्रोजनच्या ऑक्साइडांची आम्लधर्मी वाफ सोडू लागतो. मूठ कापरासारखी वासाळ होते, भेगाळते, आणि तिच्या शेजारचे पाते, अगदी स्टेनलेससुद्धा, न कळत खाल्ले जाते. बंद पेटीत असा एक चाकू असला तर बाकीच्यांनाही त्याची झळ लागते. शिवाय तो अत्यंत ज्वालाग्राही असतो. म्हणून असे चाकू बाकी संग्रहापासून दूर, थंड आणि हवा खेळती राहील अशा जागी, कागदात सैल गुंडाळून ठेवावेत. हवाबंद पेटीचा इतरत्र दिलेला सल्ला इथे उलटा लागू होतो.

आठवी पायरी: तपासणी आणि नोंद

दमट ऋतूत कार्बन पोलादाचा गट महिन्यातून एकदा आणि एरवी तीन महिन्यांतून एकदा पाहावा. स्टेनलेसला वर्षातून दोनदा पुरे. तपासणी म्हणजे प्रत्येक वेळी सगळे पुसून नव्याने तेल लावणे नव्हे. पाते तिरप्या प्रकाशात धरून फिरवावे, सांधा भिंगाने पाहावा, मुठीवरून अंगठा फिरवून रिव्हेट वर आलेले जाणवते का ते पाहावे. रिव्हेटची कड बोटाला लागू लागली असेल तर मूठ आकसते आहे, म्हणजे पेटी गरजेपेक्षा कोरडी आहे.

तांबडा ठिपका दिसला तर सौम्य उपायापासून सुरुवात करावी. त्यावर तेलाचा थेंब टाकून काही तास थांबावे आणि कापडाने चोळावे. नाही गेला तर बांबूच्या काडीने, मग तेलासह ब्राँझच्या लोकरीने (बारीक तारांच्या बोळ्याने) हलक्या हाताने. पोलादी लोकरीचे तंतू तुटून राहतात आणि स्वतःच गंजतात. व्हिनेगर आणि बाजारी गंजनाशके यांपासून दूर राहावे, कारण ती गंजाबरोबर पात्याचा जुना थरही खातात. ठिपका गेल्यावर उरलेला काळा खड्डा तसाच सोडावा.

नोंदवहीत प्रत्येक चाकूचा क्रमांक, पोलाद, मुठीचे साहित्य, लांबी, वजन, कोठून व कधी घेतला, कोणता लेप कधी लावला आणि दोन्ही बाजूंची मोजपट्टीसह छायाचित्रे असावीत. क्रमांकाची चिठ्ठी सुती फितीने मुठीला बांधावी, पात्यावर चिकटपट्टी लावू नये. विमा घ्यायचा असेल तर हीच वही कामी येते, म्हणून तिची एक प्रत घराबाहेर ठेवावी.

संग्रह हलवताना

पात्यावर पुठ्ठ्याची दुहेरी टोपी चढवून, टोकाशी आणखी एक घडी घालून ती सुती फितीने बांधावी आणि प्रत्येक चाकू फोमच्या खाचेत घट्ट बसवावा. विमानप्रवासात हे सामान केवळ चेक-इन बॅगेतच जाते, हातातल्या बॅगेत नाही. पेटी कोरड्या दिवशी बंद करावी, कारण दमट हवेत बंद केलेली हवाबंद पेटी तीच ओल आत घेऊन प्रवास करते. पोहोचल्यावर ती लगेच उघडू नये. खोलीचे तापमान ३० अंश आणि आर्द्रता ७० टक्के असेल तर दवबिंदू सुमारे २४ अंशांवर येतो, म्हणजे त्याहून थंड असलेल्या पात्यावर हवा लागताच पाण्याचा थर धरतो. पेटी बंदच ठेवून काही तास, मोठी असेल तर रात्रभर, खोलीत राहू द्यावी आणि मगच उघडून प्रत्येक पाते पुसून पुन्हा तेलाचा हात फिरवावा.